भोनचा स्तूप कसा दिसत असेल? छोट्या प्रतिकृतींवरून हरवलेली वास्तू उभी करण्याची पद्धत

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठावर भोन हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञ डॉ. भास्कर देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात येथे उत्खनन केले. त्यात प्राचीन वसाहतीचे अवशेष, भाजलेल्या मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या विहिरी आणि विटांचा स्तूप उजेडात आला. उत्खननकर्त्यांनी या स्थळाचा संबंध मौर्य-सातवाहन काळाशी जोडला आहे. विदर्भाच्या पश्चिम टोकाला, आज जिथे कापूस, तूर आणि हरभऱ्याची शेते आहेत, तिथे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी उपासक प्रदक्षिणा घालत होते, हे या स्तूपाने सिद्ध केले.

हीच जागा जिगाव सिंचन प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. त्यामुळे स्तूप वाचवता येईल का, हलवता येईल का, की निदान त्याची नोंद तरी नीट राहील, हे प्रश्न वारंवार विचारले जातात. अलीकडे त्यात आणखी एक सूचना ऐकू येते : "थ्रीडी मॉडेल करून ठेवू." सूचना वाईट नाही. पण असे मॉडेल नेमके कशाच्या आधारावर तयार होते, त्यातले किती खरे आणि किती अंदाजाचे असते, आणि ते कधी करावे लागते, हे समजल्याशिवाय त्या सूचनेला होकार किंवा नकार देता येत नाही. म्हणून ही माहिती.

जमिनीत काय उरते आणि काय उरत नाही

स्तूपाचे भाग आपल्या वाचकांना परिचित आहेत. खाली गोलाकार चौथरा म्हणजे मेधी, त्यावर अर्धगोल अंड, अंडावर चौकोनी हर्मिका, तिच्यातून वर जाणारी यष्टी आणि यष्टीवर छत्र किंवा छत्रावली. भोवती प्रदक्षिणापथ, त्याला कठडा म्हणजे वेदिका, आणि मोठ्या स्तूपांना तोरणे.

उत्खननात मिळतो तो बहुधा सर्वांत खालचा भाग. विटांची गोल रेघ, भरावाचे काही थर, प्रदक्षिणापथाची फरसबंदी. अंडाचा वरचा भाग ढासळलेला असतो. विटा तर गावोगावच्या लोकांनी शतकानुशतके घरे आणि विहिरी बांधायला नेलेल्या असतात. यात कोणाचा दोष नाही, तयार भाजलेली वीट कोण सोडेल? हर्मिका आणि छत्र जवळजवळ कधीच मिळत नाही. वेदिका लाकडी असेल तर तिच्या खांबांचे खड्डे तेवढे मातीच्या रंगातील फरकावरून ओळखू येतात, तेही खोदणाऱ्याची नजर तयार असेल तर.

म्हणजे स्तूपाचा पाया मिळतो, डोके मिळत नाही. विटांच्या स्तूपात हे जास्तच खरे आहे. पूर्णेचे खोरे गाळाच्या खोल काळ्या मातीचे आहे. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, उत्तरेला सातपुडा, मधल्या सपाटीवर बांधकामाचा दगड हाताशी नाही. तिथे वीट वापरली गेली हे स्वाभाविक आहे. आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. दर वर्षीच्या या ओढाताणीत विटांचे थर हलतात.

मग डोके कुठून आणायचे? इथे छोट्या प्रतिकृती कामाला येतात.

प्राचीन लोकांनीच ठेवलेले नमुने

बौद्ध परंपरेने आपल्या वास्तूंच्या जितक्या प्रतिमा मागे ठेवल्या, तितक्या फार थोड्या परंपरांनी ठेवल्या असतील. या प्रतिमा तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार म्हणजे दगडात कोरलेले स्तूप. महाराष्ट्रातील लेणी हा या बाबतीत खजिना आहे. भाजे येथे १४ छोट्या स्तूपांचा समूह आहे; त्यांतील काहींवर ज्या थेरांच्या स्मरणार्थ ते कोरले त्यांची नावे आहेत. कार्ले येथील चैत्यगृहातल्या स्तूपावर प्राचीन लाकडी छत्र आजही उभे आहे. ते पाहताना लक्षात येते की छत्र ही कवीकल्पना नव्हती, सुताराने करवतीने कापलेली प्रत्यक्ष वस्तू होती. अजिंठ्याची लेणी क्र. ९ आणि १० ही त्या डोंगरातील सर्वांत जुनी चैत्यगृहे आहेत आणि बुलढाणा जिल्ह्याला ती अगदी लागून आहेत. भोनच्या स्तूपाचा विचार करताना सर्वांत आधी जावे ते तिथे. लेणे कोरणाऱ्याने डोंगरात जो स्तूप ठेवला तो मैदानात विटांनी बांधल्या जाणाऱ्या स्तूपाकडे पाहूनच ठेवला होता.

दुसरा प्रकार शिल्पपटांचा. सांचीच्या तोरणांवर स्तूपपूजेची दृश्ये आहेत : वेदिका, छत्र, अंडावर सोडलेल्या पुष्पमाला, हात जोडलेले उपासक. दक्षिण तोरणावर कोरलेल्या एका स्तूपाच्या अंडावर लेख आहे. सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख, वासिठीचा पुत्र आनंद याचे हे दान असल्याचे तो सांगतो. सातवाहनांच्या पदरी काम करणाऱ्या माणसाने दिलेले स्तूपाचे चित्र! भोनच्या दृष्टीने याचे मोल सांगायला नको. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातील कनगनहळ्ळी येथेही सातवाहन काळातील शिल्पपटांवर स्तूप कोरलेले मिळाले आहेत.

शिल्पपटांवरून मोठी वास्तू समजून घेण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आंध्रातील अमरावतीच्या महाचैत्याचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदाराने बांधकामाच्या साहित्यासाठी टेकडी खणायला लावली. १७९७ मध्ये कॉलिन मॅकेंझी तिथे पोहोचला. पुढे १८१६-१७ मध्ये त्याच्या माणसांनी शिल्पांची रेखाटने आणि मोजमापे केली. तोवर बरेच काही गेले होते. आज तेथील शिल्पे मुख्यत्वे चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मूळ जागी गोल पाया उरला. तरीही महाचैत्य कसा दिसत होता हे आपल्याला बऱ्याच तपशिलाने माहीत आहे, कारण त्याच्याच शिळांवर कलाकारांनी संपूर्ण स्तूपाचे चित्र पुन्हा पुन्हा कोरून ठेवले : दारांवरचे सिंह, चार दिशांचे आयक मंच, प्रत्येकावर पाच खांब, शिल्पांनी मढवलेले अंड. वास्तू गेली, पण वास्तूच्या अंगावर वास्तूचेच चित्र होते.

तिसरा प्रकार म्हणजे सुट्या, हातात मावणाऱ्या किंवा कमरेएवढ्या उंचीच्या प्रतिकृती. बोधगयेला आणि ओडिशातील रत्नागिरीला असे दानस्तूप शेकड्यांनी आहेत. बोधगयेच्या महाबोधी महाविहाराच्या दगडी प्रतिकृतीही पूर्व भारतात घडवल्या गेल्या आणि यात्रेकरूंसोबत नेपाळ, तिबेटपर्यंत गेल्या.

बेगलरने काय केले

छोट्या प्रतिकृतीवरून मोठी वास्तू उभी करणे ही संगणक आल्यानंतरची कल्पना नाही. महाबोधी महाविहाराचे आजचे रूप हेच तिचे सर्वांत मोठे उदाहरण आहे.

१८७० च्या दशकात ब्रह्मदेशचे राजे मिंडन यांनी पाठवलेल्या मंडळाने तिथे दुरुस्तीचे काम सुरू केले. कामाच्या पद्धतीवर आक्षेप आले आणि सरकारने राजेंद्रलाल मित्र यांना पाहणीसाठी धाडले. पुढे १८८० पासून अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या देखरेखीखाली जे. डी. बेगलर यांनी जीर्णोद्धार केला. शिखराचे आणि प्रवेशाकडील भागाचे मूळ रूप काय होते हा पेच होता. ढिगाऱ्यात विहाराची एक छोटी दगडी प्रतिकृती मिळाली, आणि तिचा आधार घेऊन बेगलर यांनी मोडलेले भाग पूर्ण केले. मुख्य शिखराभोवतीची चार कोपऱ्यांतील छोटी शिखरे आज आपण पाहतो, तीही याच जीर्णोद्धारातली.

यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त आहे. प्रतिकृती ज्या काळात घडली त्या काळातील विहार ती दाखवते. महाविहाराच्या मूळ बांधणीनंतर कित्येक शतकांनी, पाल काळाच्या सुमारास घडलेल्या दगडावरून आपण गुप्तकाळातले रूप सांगू शकत नाही. शिवाय प्रतिकृती म्हणजे मोजून केलेला नकाशा नव्हे. घडवणाऱ्याने दारे मोठी केली असतील, कोनाडे कमी केले असतील, कारण त्याला पूजनीय वस्तू करायची होती. बागानमधील महाबोधी, चिआंग माईचे वाट चेत योत, बीजिंगचे पाच शिखरांचे विहार अशी या वास्तूची रूपे आशियाभर उभी राहिली. एकाच मूळ वास्तूवरून निघालेली ती एकमेकांसारखी दिसत नाहीत.

बेगलर यांची खरी अडचण अशी की त्यांचा अंदाज विटा आणि चुन्यात उतरला. तो मागे घेता येत नाही. आज तेच काम संगणकात केले तर चार वेगवेगळे अंदाज शेजारीशेजारी ठेवता येतात आणि नवा पुरावा मिळाला की एखादा टाकूनही देता येतो. डिजिटल पुनर्रचनेचे खरे बळ हे आहे, तिचा चकचकीतपणा नव्हे.

भोनसाठी हे कसे करता येईल

सुरुवात जमिनीपासून. उत्खननाचे नकाशे, छेदचित्रे, विटांची मापे, छायाचित्रे ही पहिली सामग्री. जिथे अवशेष पाहता येतात तिथे फोटोग्रामेट्री करतात. यात वस्तूचे शेकडो फोटो असे घेतले जातात की प्रत्येक फोटोचा साधारण ६० ते ८० टक्के भाग शेजारच्या फोटोतही यावा. संगणक समान बिंदू ओळखतो आणि त्यांवरून त्रिमितीय आकार उभा करतो. चौकटीत मोजपट्टी ठेवलेली असेल आणि काही बिंदूंची जागा सर्वेक्षण यंत्राने अचूक मोजलेली असेल तरच त्या आकाराला खरे माप मिळते. लेझर स्कॅनिंग अधिक अचूक, पण महाग. ड्रोन वरून नकाशा देतो. चांगल्या मोबाइलनेही कामापुरते मॉडेल होते, हे आपल्या तरुण मंडळींनी लक्षात ठेवावे.

त्यानंतर येते अंडाची उंची. यासाठी एक जुनी, सोपी युक्ती आहे. ढासळलेल्या विटा आणि भरावाचे आकारमान मोजायचे. जेवढे खाली पडले तेवढे किमान वर होते. उचलून नेलेल्या विटा यात येत नाहीत, म्हणून ही कमीत कमी उंची. कमाल उंचीसाठी त्याच काळातील कोरीव स्तूपांचे प्रमाण घ्यायचे : मेधीचा व्यास किती, तिची उंची किती, त्यावर अंड किती. भाजे, अजिंठा ९ व १०, कार्ले, जुन्नर, नाशिक या ठिकाणांची मापे तक्त्यात मांडली की साधारण पल्ला हाती येतो.

इथे एक सापळा आहे. अजिंठ्यात क्र. १९ आणि २६ हीही चैत्यगृहे आहेत आणि त्यांतील स्तूप जास्त देखणे आहेत. क्र. १९ मध्ये तर एकावर एक दगडी छत्रे आहेत. पण ती पाचव्या शतकातली, स्तूपावरच बुद्धमूर्ती कोरली जाऊ लागली त्या काळातली. ते रूप भोनवर चढवले तर चित्र सुंदर होईल आणि इतिहास साडेपाचशे-सहाशे वर्षांनी चुकेल. आपल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरणाऱ्या अनेक "असा होता स्तूप" चित्रांत नेमके हेच घडलेले असते.

वेदिकेसाठी विदर्भातच पाहावे लागेल. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. जगन्नाथ टेकडीचा स्तूप सुमारे ३८ मीटर व्यासाचा आणि चांडकापूरचा सुमारे ४१ मीटर व्यासाचा निघाला. तिथे दगडी वेदिकेचे कोरीव खांब, ब्राह्मी दानलेख, मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले. भोनचा स्तूप पवनीच्या तुलनेत लहान आहे, तेव्हा तिथली भव्य दगडी वेदिका उचलून इथे बसवणे योग्य नाही. पण खांबांमधील अंतर, आडव्या सूचींची संख्या, उष्णीषाची जाडी यांचे प्रमाण तिथून शिकता येते. लाकडी कठडा दाखवायचा असेल तर दगडी वेदिका ही लाकडाचीच नक्कल आहे, हे मदतीला येते : सूची खाचेत बसवण्याची पद्धत सुताराची आहे, पाथरवटाची नाही.

शेवटी, आणि माझ्या मते हाच भाग सर्वांत महत्त्वाचा, मॉडेलमध्ये खात्री आणि अंदाज वेगळे दिसले पाहिजेत. २००६ मध्ये मांडलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या लंडन सनदेत वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी हेच तत्त्व सांगितले आहे : प्रत्येक निर्णय कोणत्या पुराव्यावर घेतला ते नोंदवा आणि पाहणाऱ्याला कळू द्या. व्यवहारात यासाठी रंग वापरतात. उत्खननात मिळालेला पाया एका रंगात, पडलेल्या विटांवरून काढलेली उंची दुसऱ्या, लेण्यांच्या प्रमाणावरून घेतलेले अंड तिसऱ्या, आणि शिल्पपटांवरून घेतलेले छत्र चौथ्या. असे चित्र फारसे आकर्षक दिसत नाही. शाळेतल्या मुलाला मात्र त्यातून इतिहास कसा लिहितात ते समजते.

"सम्राट अशोकांच्या ८४ हजार स्तूपांपैकी एक" हे वाक्य भोनबद्दल सर्रास लिहिले जाते. ८४ हजारांची परंपरा अशोकावदानासारख्या ग्रंथांतून आलेली आहे आणि आपल्या श्रद्धेत तिचे स्थान आहे. तरी मॉडेलच्या माहितीफलकावर काळ लिहिताना तो उत्खननातील थर, विटा आणि भांडी यांवरूनच लिहावा लागेल. त्याने भोन लहान होत नाही.

मॉडेल झाले म्हणून स्तूप वाचला असे नाही

नदी अडवताना वारसा बुडण्याचा प्रसंग देशात पहिल्यांदा आलेला नाही. नागार्जुनसागर धरणासाठी कृष्णाकाठचे तिथले खोरे पाण्याखाली जाणार हे ठरल्यावर नागार्जुनकोंड्याला १९५४ ते १९६० अशी सलग उत्खनने झाली. निवडक नऊ वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा बांधल्या, चौदा वास्तूंच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. ती टेकडी आज जलाशयातील बेट आहे. काठावरच्या अनुपु येथेही काही वास्तू हलवल्या. संगणक नव्हता, पण वेळ, पैसा आणि सरकारी इच्छा होती. विटांची वास्तू हलवता येते, हे तिथे दिसले. तरीही खोऱ्यातील विहार, रस्ते, घाट यांचे एकमेकांशी नाते पाण्याखालीच गेले. विटा दुसरीकडे रचता येतात. नदीपासूनचे अंतर, वसाहतीपासूनची वाट, विहिरी हे सारे हलत नाही. भोनलाही स्तूप एकटा नव्हता, त्याच्याभोवती गाव होते.

प्रश्नाची दुसरी बाजू मी टाळणार नाही. पूर्णा खोरे हा खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागात विहिरीचे पाणी खारे, मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण गावोगाव. या गावांत सामाजिक काम करताना ज्या बायका गोड्या पाण्याच्या टँकरची वाट पाहत बसतात त्यांना "धरण नको" असे सांगण्याची माझी हिंमत नाही, इच्छाही नाही. त्यांत बौद्ध वस्तीतल्या बायका आहेतच. धरण की स्तूप अशी मांडणी ज्यांना सोयीची असते ते ती करतात. मागणी असायला हवी ती बुडीत क्षेत्रातील वारशाच्या नियोजनाची : जागेवर संरक्षण शक्य आहे का याचा तांत्रिक अभ्यास, नसेल तर शास्त्रीय स्थलांतर, आणि दोन्ही परिस्थितींत संपूर्ण त्रिमितीय नोंद.

जलाशयात विटांचे काय होते तेही समजून घ्यावे. कायम पाण्याखाली राहणारी वास्तू काही वेळा टिकते. जास्त नुकसान होते ते काठाच्या पट्ट्यात, जिथे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. वीट भिजते, सुकते, क्षार वर येऊन फुटतात, लाटा माती ओढून नेतात. खाऱ्या मातीच्या प्रदेशात हे अधिक वेगाने होणार.

पुनर्वसनाच्या कामात एक गोष्ट नेहमी खटकते. पंचनाम्यात घर मोजले जाते, गोठा मोजला जातो, विहीर, आंब्याचे झाड, पाइपलाइन सारे मोजले जाते. देवळाचा, विहाराचा, दर्ग्याचाही हिशेब होतो. जमिनीखालच्या विटांना मात्र सातबाऱ्यावर मालक नाही, म्हणून त्यांची बाजू मांडायलाही कोणी नाही. समाजशास्त्रात ज्याला सामूहिक स्मृती म्हणतात तिला मोबदल्याच्या तक्त्यात रकाना नसतो.

म्हणून त्रिमितीय नोंद पाण्याआधी व्हायला हवी. लेणी उद्याही मोजता येतील, सांचीचे शिल्पपट उद्याही पाहता येतील, ब्रिटिश म्युझियममधील शिळा कुठे जात नाहीत. स्तूपाचे डोके आपण पंचवीस वर्षांनीही या प्रतिकृतींवरून शोधू शकू. भोनचा पाया मात्र भोनलाच आहे. तो न मोजता बुडाला तर लेण्यांवरून केलेले मॉडेल हे कुठल्याही स्तूपाचे चित्र होईल, भोनचे नव्हे.

नोंद झाल्यावर ती कुठे ठेवायची हेही आताच ठरवावे. एका संस्थेच्या संगणकात पडून राहिलेली फाइल पाच वर्षांत उघडेनाशी होते. मूळ फोटो, मोजमापे आणि तयार मॉडेल या तिन्हींच्या प्रती उत्खनन करणारी संस्था, राज्य पुरातत्त्व विभाग, जिल्हा प्रशासन आणि एखादे विद्यापीठ अशा किमान चार ठिकाणी, कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या स्वरूपात असाव्यात. सोबतची माहिती मराठीत असावी. आणि भोन परिसरातील ज्या शाळांतील मुलांची गावे उठणार आहेत, त्या शाळा जिथे नव्याने उभ्या राहतील तिथे त्या पायाची खऱ्या मापाची गोल रेघ मैदानावर चुन्याने आखून ठेवणे अजिबात खर्चाचे काम नाही.